फसलेल्या यंत्राचा जमाखर्च



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही बंदरावर बोलू, यार्डातील कंत्राटी कामगारांवर बोलू, गेला बाजार साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर तरी बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही एका माहितीपटाचे नाव सांगितले आणि ते जरा बुचकळ्यात पडले. आमच्या लहानपणी मुख्य चित्रपटापूर्वी सरकारी अनुबोधपट दाखवीत, आणि ती वेळ लोक बाहेर शेंगदाणे घेण्यात घालवीत. हा माहितीपट तसा नाही. संघटनेतील एका मुलाने तो आम्हांला दाखविला, आणि संपल्यावर आम्ही त्याला पुन्हा पहिल्यापासून लावावयास सांगितला.

चित्रपटाचे नाव 'जनरल मॅजिक'. तो 2018 सालचा आहे. त्याच नावाची एक कंपनी 1990 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात निघाली. काढणारे तिघे, मार्क पोरॅट, बिल ॲटकिन्सन आणि अँडी हर्ट्झफेल्ड, तिघेही ॲपल कंपनीतून आलेले. आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात जी वस्तू आहे, किंबहुना आमचे भाषण चालू असताना मागच्या रांगेत काहीजण जी पाहत आहेत, ती वस्तू त्यांना तेव्हा करावयाची होती. निरोप, पत्रे, पंचांग, खरेदी, सारे एका तळहाताएवढ्या पाटीवर. सोनी, मोटोरोला, ए. टी. अँड टी. अशा बड्या कंपन्या भांडवल घेऊन पाठीशी उभ्या राहिल्या. 1994 साली सोनीने 'मॅजिक लिंक' या नावाने ते यंत्र बाजारात आणले. सुमारे तीन हजार नग खपले, तेही बरेचसे इष्टमित्रांत. त्याच्या पुढच्याच वर्षी कंपनीचे शेअर बाजारात आले होते आणि पहिल्या दिवशी त्यांचा भाव दुप्पट झाला होता, ही त्यातली गंमत. यंत्र खपत नाही, शेअर खपतो! 2002 साली कंपनीने व्यवहार गुंडाळला.

या मंडळींनी काम चालू असतानाच ते चित्रित करवून घेतले होते. आपण इतिहास घडवीत आहोत याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. त्यामुळे चित्रपटात तरुण माणसे टेबलाखाली झोपलेली दिसतात, ससे कचेरीत बागडताना दिसतात, आणि मग तीच माणसे पंचवीस वर्षांनंतर पिकल्या केसांनी बोलताना दिसतात. चित्रपट चांगला आहे. आम्ही तो पाहावा असेच सांगू. पण बोलणारी माणसे कोण, हे पाहावे. एकाने पुढे आयपॉड आणि आयफोनच्या घडणीत मोठा वाटा उचलला, एकाने अँड्रॉइड उभे केले, एकाने ईबे ही बाजारपेठ काढली. म्हणजे नापास झालेल्या वर्गाची गोष्ट पुढे कलेक्टर झालेले विद्यार्थी सांगत आहेत. त्यांच्या तोंडून अपयश गोड लागणारच. ज्यांच्या हातून पुढे काही मोठे झाले नाही, ज्यांनी केवळ पगारासाठी काम केले आणि एका सकाळी पगार थांबला, त्यांची जमाबाकी त्या चित्रपटात आम्हांस सापडली नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे साता समुद्रापलीकडले. द्रोणागिरीला त्याचे काय? तर बंधूंनो, असाच एक उद्योग आपल्या मुंबईच्या एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी काढला होता आणि तो असाच बुडाला. त्याच्यावर चित्रपट निघावा अशी ती गोष्ट आहे.

शंकर आबाजी भिसे हे 1867 साली मुंबईत जन्मले. यंत्रशास्त्राचे शिक्षण त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात घेतले नाही. 'सायंटिफिक अमेरिकन' नावाचे मासिक मिळवून ते वाचीत, आणि आपली सारी यांत्रिक विद्या त्या मासिकाची, असे ते उतारवयातही सांगत. आमच्यासारख्या शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला हे वाचून किती धीर येतो, हे शाळा पुरी केलेल्यांना कळणार नाही. त्यांनी मुंबईत एक विज्ञानमंडळ काढले, 'विविध कलाप्रकाश' नावाचे मराठी मासिक चालविले. 1897 साली लंडनच्या एका नियतकालिकाने साखर, पीठ असा दाणेदार माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा लावली. मुंबईत बसून भिसे यांनी आराखडा धाडला आणि बक्षीस मिळविले. मग ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी होते, आणि दादाभाईंनी त्यांना हात दिला. राष्ट्रीय सभेचे हे पितामह नव्या यंत्रांत पैसा घालीत होते, हे आपल्या शालेय पुस्तकांत कोठे येत नाही.

भिसे यांनी पुष्कळ शोध लावले. पण त्यांचे मुख्य काम होते छापखान्याचे खिळे ओतण्याच्या यंत्राचे. त्याला त्यांनी 'भिसोटाइप' हे नाव दिले.

इथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते, कारण या खिळ्यांशी आमची ओळख आहे. पंधराव्या वर्षी आम्ही पनवेलच्या एका छापखान्यात लागलो, ते खिळे सोडविण्याच्या कामावर. छापून झालेल्या फर्म्यातील अक्षरे पुसून आपापल्या घरात परत टाकावयाची. इंग्रजीला लहानमोठी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे धरून घरे मोजकी. पण आपल्या बाळबोधीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून घरांची चाळच लागते. संध्याकाळी बोटे शिशाने काळी होत. जुना खिळा झिजला की अक्षर पुसट उठे आणि मालक म्हणत, खिळे नवे घ्यावयास हवेत, पण परवडत नाहीत. म्हणजे खिळा ओतणे स्वस्त झाले तर छापणे स्वस्त होते, आणि छापणे स्वस्त झाले तर वाचणे स्वस्त होते. भिसे यांनी नेमक्या त्या जागी बोट ठेवले होते. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात सोडावयाचा, तो क्षणात थिजला पाहिजे, खिळा निघाला पाहिजे आणि त्याची उंची सुतभरही चुकता कामा नये. त्यांच्या यंत्राची मजल मिनिटाला 1200 खिळ्यांपर्यंत होती असे त्यांच्यावरील लेखनात येते. हा आकडा सोडा. निम्मा धरला तरी तो लहान नाही.

यंत्र झाले, पण ते कागदावरून कारखान्यात न्यावयाचे तर भांडवल हवे. दादाभाईंनी त्यांची गाठ हेन्री हाइंडमन यांच्याशी घालून दिली. हे हाइंडमन म्हणजे इंग्लंडात समाजवादी पक्ष पहिल्यांदा उभा करणारे गृहस्थ, हिंदुस्थानच्या लुटीवर ग्रंथ लिहिणारे, आणि त्याचबरोबर शेअरबाजाराची चांगली माहिती असणारे. समाजवादी पुढाऱ्याने मराठी संशोधकासाठी भांडवलदारांच्या दारी जाऊन पैसा उभा करावयाचा, असा तो विलक्षण बेत! पैसा काही उभा राहिला नाही. हाइंडमनांचे सर्व लेखन आम्ही वाचलेले नाही. जेवढे वाचले त्यावरून त्यांच्या हेतूबद्दल आम्हांस शंका नाही. पण आश्वासनावर कार्यशाळा चालत नाही. 1908 साली भिसे यांना लंडनचे काम बंद करावे लागले आणि वर्षअखेरीस ते मुंबईस निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी त्यांची गोष्ट जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्यापर्यंत नेली. याच रतन टाटांनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला पैसे पाठविले होते. 1910 साली लंडनमध्ये 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट' उभे राहिले. आजच्या भाषेत बोलायचे तर हा मराठी माणसाचा स्टार्टअप आणि टाटा त्याचे गुंतवणूकदार.

पाचसहा वर्षांत तेही बंद पडले.

का पडले? आम्हांस जे दिसते ते असे. भिसे यांचे यंत्र बाजारात उतरू पाहत होते तेव्हा बाजार मोकळा नव्हता. 1886 सालीच न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रात लायनोटाइप यंत्र बसले होते. मोनोटाइप कंपनीने इंग्लंडात आपला कारखाना काढला होता. या कंपन्या नुसते यंत्र विकीत नसत. यंत्र चालविणारा माणूस शिकवून देत, मोडलेला भाग पाठवून देत, दुरुस्तीला माणूस धाडीत. छापखान्याचा मालक यंत्राची हुशारी पाहत नाही. उद्या पहाटे अंक निघाला पाहिजे, आणि दांडा मोडला तर तो कोठे मिळेल, हे तो पाहतो. एकट्या संशोधकाकडे याचे उत्तर नसते. त्यातच 1914 साली महायुद्ध पेटले, आणि रतन टाटा 1918 साली वारले. भिसे तोवर अमेरिकेस गेले होते. तेथे त्यांनी खिळ्यांच्या यंत्राचा पुन्हा खटाटोप केला, पुढे आयोडिनाचे एक औषध काढले. 1935 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांना 'हिंदुस्थानचे एडिसन' म्हणत. एडिसनला मात्र कोणी 'अमेरिकेचे भिसे' म्हटले नाही.

खिळ्यांच्या यंत्रांनी त्या काळात पुष्कळांना बुडविले, हे न्यायाखातर सांगितले पाहिजे. मार्क ट्वेन हे अमेरिकेचे मोठे लेखक. पेज नावाच्या एका संशोधकाच्या जुळणीयंत्रात त्यांनी वर्षानुवर्षे पैसा ओतला. त्या यंत्राला 18,000 भाग होते. चाले तेव्हा माणसापेक्षा सुंदर चाले. पण चाले क्वचित. लायनोटाइपने बाजार घेतला आणि 1894 साली ट्वेन यांचे दिवाळे वाजले. कायद्याने ते सुटू शकत होते. पण देणेकऱ्यांचे सारे पैसे फेडीन, असे म्हणून त्यांनी जगभर व्याख्यानांचा दौरा काढला आणि जानेवारी 1896 मध्ये ते मुंबईस आले. व्याख्यानांवर त्यांनी सारे कर्ज फेडले. (व्याख्यानाला एवढे मानधन मिळू शकते, हे आमच्या चालकांनी ऐकून ठेवावे.)

आता आम्ही ज्या गोष्टीकडे येऊ पाहत आहोत तिच्याकडे येतो. कंपनी बुडाली की एक रांग लागते. पैसे थोडे, मागणारे फार. त्या रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, एवढाच खरा प्रश्न असतो. स्वप्न कोणाचे होते, हे रांगेत कोणी विचारीत नाही.

आपल्या देशात ही रांग 2016 च्या दिवाळखोरी संहितेने, तिच्या 53 व्या कलमात, लावून दिली आहे. हे कलम प्रत्येक कामगाराने एकदा तरी वाचावे. सर्वांत आधी त्या कारवाईचा खर्च. मग कामगारांची मागील 24 महिन्यांची देणी, आणि त्यांच्याच बरोबरीने, आपले तारण त्या सामायिक पैशांत सोडून देणारी बँक. त्यानंतर जे कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' बसत नाहीत अशा इतर कर्मचाऱ्यांचा मागील 12 महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी आणि असेच इतर. आणि अगदी शेवटी, दाराच्या बाहेर उन्हात, शेअरवाले. भविष्य निर्वाह निधीचा पैसा तर या वाटणीत धरलेलाच नाही. तो कामगारांचा म्हणून बाजूला राहतो. पुढची जागा कोणी दयेने दिलेली नाही. श्रम आधी केलेले असतात आणि मोबदला महिनाअखेर मिळतो, म्हणजे प्रत्येक कामगार मालकाला दर महिन्याला उसने देतच असतो.

आणि नवउद्योगांत काय चालले आहे? पगार कमी घ्या, उरलेल्याचे शेअर देऊ, असे तरुणांना सांगितले जाते. हे सांगणारा लबाडच असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याचाही त्या स्वप्नावर विश्वास असतो, जसा पोरॅटचा होता, भिसे यांचा होता. पण तो काय करावयास सांगत आहे हे पाहा. रांगेत तुमची जागा दुसरी-तिसरी आहे, ती सोडून शेवटी जाऊन उभे राहा, असे तो सांगत आहे. इंग्लंडात एके काळी गिरणीमालक मजुरीऐवजी आपल्याच दुकानाच्या चिठ्ठ्या देत. त्याविरुद्ध 1831 साली कायदा झाला. आपल्याकडे 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनात द्यावी असे ठरविले, आणि 2019 च्या वेतन संहितेनेही तेच तत्त्व राखले: नाणी, नोटा, धनादेश किंवा बँक खाते. वेतन म्हणजे पैसा. उद्या पैसा होईल अशी आशा नव्हे.

फार लांब जावयास नको. 2014 साली मुंबईत पवईला आय. आय. टी.तून निघालेल्या तरुणांनी 'टायनीआउल' नावाची घरपोच जेवणाची कंपनी काढली. भांडवल भराभर आले. नोव्हेंबर 2015 मध्ये कर्मचारी कमी करण्याची वेळ आली, तेव्हा पुण्याच्या कचेरीतील मुलांनी संस्थापकांपैकी एकास जवळजवळ दोन दिवस जागचे हलू दिले नाही. आमचा हिशेब आत्ता चुकता करा, एवढेच त्यांचे म्हणणे. वर्तमानपत्रांना त्याचे मोठे नवल वाटले. आम्हांस नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. त्या सुशिक्षित मुलांनी घेराव नव्याने शोधून काढला होता. तीन पिढ्यांचा अनुभव असलेली संघटना कोपऱ्यावर असता तिचे दार त्यांनी ठोठावले नाही. यात त्यांचा दोष आम्ही कमी मानतो. आम्ही संघटनावाल्यांनीच संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला कामगार मानावयास फार वेळ घेतला.

द्रोणागिरीला हे कळावयास हरकत नसावी. दूरदृष्टीच्या योजनेची किंमत आधी कोण भरतो, हे या तालुक्याइतके कोणास ठाऊक? सिडको 1970 साली निघाली, नवी मुंबईचे चित्र कागदावर फार सुंदर होते, आणि आजही ते चित्र वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. पण भातखाचरे आणि मिठागरे आधी गेली, आणि मोबदल्याची गोष्ट जानेवारी 1984 मध्ये पाच जणांनी गोळ्या झेलल्यानंतर मार्गी लागली. साडेबारा टक्के ही देणगी नव्हे. मागे ढकललेल्या माणसांनी रांगेत पुन्हा मिळविलेली ती जागा आहे. बंदर 1989 साली सुरू झाले. रेल्वे आणि समुद्रावरचा पूल दोन्ही 12 जानेवारी 2024 ला, एकाच दिवशी. मधली सुमारे पस्तीस वर्षे येथे लोकांनी वाट पाहण्यात घालविली. हनुमंत द्रोणागिरी घेऊन उडाला तेव्हा त्याचा एक तुकडा येथे पडला, असे जुनी माणसे सांगतात. आम्हांस नेहमी वाटते, पर्वत उचलणाऱ्याचे नाव राहते. तुकडा ज्यांच्या अंगणात पडला त्यांना कोणी काही विचारले होते काय?

तर गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत याच वसाहतीतला एक तरुण आला. वडील बंदरात निवृत्त झालेले, मुलगा संगणकाचा पदवीधर. कंटेनर कोठे आहे, कधी सुटेल, हे ट्रकवाल्याला फोनवर दिसावे अशी योजना करणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो काम करतो. योजना उत्तम आहे. ज्याने रात्रभर फाटकाबाहेर ट्रकांची रांग पाहिली आहे तो तिला नाव ठेवणार नाही. चार महिने त्याला निम्मा पगार मिळाला, आणि आता उरलेल्या निम्म्याबद्दल शेअर घे, असे मालक म्हणत आहे. वडिलांचे म्हणणे, लाथ मार आणि यार्डात लाग. मुलाचे म्हणणे, काका, हे काम सोडवत नाही हो.

वडील मंडळींना आमचे म्हणणे कदाचित रुचणार नाही, पण आम्ही त्याला सोड म्हणून सांगितले नाही. भिसे यांनी खिळ्यांचा नाद सोडून मुंबईत कारकुनी केली असती, तर जगाचे काय झाले असते ते कोणास ठाऊक. एवढे खरे की नवे यंत्र कोणीतरी करून पाहावेच लागते, आणि दहांतील नऊ फसतात म्हणून दहावे करावयाचे थांबत नाही. आम्ही त्याला फक्त कागद विचारले. नेमणूकपत्र होते. पगाराच्या पावत्या दोनच होत्या. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात गेल्या तीन महिन्यांचा भरणा दिसत नव्हता, आणि हे त्याने कधी उघडून पाहिलेच नव्हते. शेअरच्या वचनाला कागदच नव्हता. ते चहाच्या टपरीवर बोलणे झाले होते.

त्याच्यासह तेथे सात मुले काम करतात. आम्ही त्या सातांना एका संध्याकाळी बोलावले आणि चित्रपट दाखविला. मग भिसे यांची गोष्ट सांगितली. मग 53 वे कलम मराठीत वाचून दाखविले. रात्री अकरापर्यंत वाद चालला. एक मुलगी म्हणाली, काका, तुम्ही आमची हौस घालवता. दुसरा म्हणाला, हौस नाही, हिशेब. शेवटी सातांनी मिळून मालकाला एक पत्र लिहिले. त्यात स्वप्नाविरुद्ध अवाक्षर नाही. मागील पगार पैशांत चुकता करावा, तो जमेपर्यंत दरमहा थकबाकीची लेखी पावती द्यावी, निधीचा भरणा पुरा करावा. आणि शेअर द्यावयाचे असतील तर ते पगाराबरोबर द्यावे, पगाराऐवजी नव्हे. खाली सातांच्या सह्या आहेत.

पत्र देऊन आज अकरा दिवस झाले. मालकाने पावत्या दिल्या आहेत. पैसे अजून दिलेले नाहीत. सातांपैकी कोणी काम सोडलेले नाही, आणि पुढच्या सोमवारी ते सारे आमच्या कचेरीत पुन्हा बसणार आहेत. आपल्यापैकी कोणाची मुलेबाळे अशा ठिकाणी कामाला असतील तर त्यांनीही यावे. येताना पगाराच्या पावत्या आणाव्या.